कोलकात्याची बोंटी आणि आजीची विळी

कोलकात्यात राहायला आले तेव्हा माझ्या बॅगेत एक छोटी सुरी होती, प्लास्टिकच्या दांड्याची. कांदा, टोमॅटो, बटाटा, सगळं तिच्यावरच. भाजी चिरणं म्हणजे माझ्यासाठी मोबाइलवर काहीतरी लावून उरकून टाकायचं काम होतं.

गडियाहाटजवळ ज्यांच्या घरी मी खोली घेतली, त्यांना मी काकिमा म्हणते. पहिल्याच रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात डोकावले आणि दारातच थांबले. काकिमा जमिनीवर एका लाकडी फळीवर पाय टेकवून बसल्या होत्या. फळीतून चंद्रकोरीसारखं वळलेलं काळं पातं वर आलं होतं. समोर परात, बाजूला हळदीच्या पाण्याचं पातेलं.

माझ्या तोंडून निघालं, "अय्या, विळी!"

"विळी नाही, बोंटी," काकिमा म्हणाल्या. मग हसून पुढे, "नागपूरची ना तू? म्हणजे बर्गी! बर्गी स्वयंपाकघरात शिरली, आता बोंटी सांभाळायला हवी."

हा विनोद मला कळायला थोडा वेळ लागला. 1742 मध्ये नागपूरच्या रघुजी भोसल्यांचं सैन्य भास्करपंतांच्या नेतृत्वाखाली बंगालवर चालून गेलं. ते घोडेस्वार म्हणजे बर्गी. त्यांची धास्ती एवढी, की कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला. तो पुरा झालाच नाही. पुढे बुजवला आणि त्याच्या मार्गावर सर्क्युलर रोड झाला. बागबाजारात आजही 'मराठा डिच लेन' नावाची गल्ली आहे. बंगाली बाळांना अजूनही बर्गींची अंगाई ऐकवतात. त्या नागपूरची मी आता काकिमांच्या स्वयंपाकघरात उभी होते, आणि मला आठवत होती ती आमच्या घरातली माळ्यावर टाकलेली विळी.

पातं स्थिर, भाजी फिरती

विळी आणि बोंटी सख्ख्या बहिणी म्हणायला हरकत नाही. कोकणात हिला आडाळो म्हणतात, गोव्यात आदोळी. आपल्या विळीच्या टोकाला नारळ खवायची दातेरी खवणी असते, तशी काही बोंट्यांनाही असते. बंगालीत तिला कुरुनी म्हणतात.

सुरीत आणि यांच्यात मोठा फरक एकच. सुरी भाजीवर फिरते. इथे पातं जागेवर राहतं आणि भाजी फिरते. पाय फळी दाबून धरतो, म्हणून दोन्ही हात मोकळे राहतात. लाल भोपळा सुरीने कापताना आपण अंगाचा सगळा जोर लावतो. बोंटीवर तो दोन हातांनी धरून दाबला की चिरत जातो. चिरायला वेगळा पाटही लागत नाही.

काकिमांकडे बोंट्या दोन आहेत. मोठी माशांची, 'आंश बोंटी'. दुसरी जरा लहान, निरामिष, म्हणजे फक्त भाज्यांची. ती त्यांच्या सासूबाईंची. सासूबाई विधवा होत्या आणि जुन्या रिवाजानुसार त्यांना मासे वर्ज्य होते. त्यांची चूल वेगळी, भांडी वेगळी, बोंटीही वेगळी. "मासे खाता येत नव्हते, म्हणून त्यांनी भाज्यांत जीव ओतला," काकिमा म्हणाल्या. बंगालच्या शाकाहारी जेवणात इतकी विविधता आहे, त्यात अशा विधवांच्या स्वयंपाकघरांचा वाटा मोठा आहे. एखाद्या पात्याला एवढा इतिहास असेल असं मला वाटलं नव्हतं.

चिरण्याचीही एक भाषा

बंगालीत भाजी चिरण्याला 'कुटनो कोटा' म्हणतात. कुटनो म्हणजे चिरायची भाजी. भाजी कशी चिरायची, त्याला शब्दही ठरलेले. डुमो म्हणजे चौकोनी फोडी. फालि म्हणजे लांब तुकडे. चाका म्हणजे गोल चकत्या. कुचि म्हणजे बारीक चिरलेलं. आणि झिरिझिरि म्हणजे काडीसारखं बारीक.

मी म्हटलं, आमच्याकडेही आहे की! फोडी, चकत्या, काचऱ्या, खापा, किस. बटाट्याच्या काचऱ्यांना फोडींची चव येत नाही, हे आपल्यालाही माहीत असतं. पण ते शब्द मी कितीतरी दिवसांत उच्चारले नव्हते.

काकिमांचा नियम सोपा आहे. जी भाजी शिजायला वेळ लावते ती लहान चिरायची, लवकर शिजते ती मोठी. शुक्तोमध्ये कच्चं केळं, कारलं, शेवग्याच्या शेंगा, वांगं, रताळं सगळं एकत्र असतं. तुकडे लांबट, पण प्रत्येकाची जाडी वेगळी. तसं केलं नाही तर वांग्याचा गाळ होतो आणि केळं कच्चं राहतं.

सालंही फेकायची नाहीत. दुधी भोपळ्याची सालं बारीक चिरून, खसखस घालून परततात. मी त्यांना आपली दोडक्याच्या शिरांची चटणी करून दाखवली. त्या दिवसापासून बर्गी म्हणणं जरा कमी झालं आहे.

खरी परीक्षा केळफुलाची. इथे त्याला मोचा म्हणतात. काकिमांकडून शिकलेली पद्धत अशी:

- आधी हातांना मोहरीचं तेल लावा, नाहीतर चिकाने बोटं काळी पडतात.
- एकेक लाल पाकळी बाजूला करून आतल्या फुलांचा फणा काढा.
- प्रत्येक फुलातली कडक काडी आणि पारदर्शक पापुद्रा काढून टाका. हे दोन्ही शिजत नाहीत.
- बारीक चिरून लगेच हळद-मीठाच्या पाण्यात टाका. आपल्याकडे ताकात टाकतात, काम तेच.
- लोखंडी पातं काळं पडतं. लगेच धुऊन, कोरडं पुसून, तेलाचं बोट फिरवा. गंज धरत नाही.
- काम झालं की बोंटी उभी ठेवायची नाही, आडवी करायची. घरात मूल असेल तर हा नियम विसरू नका.

पहिल्या दिवशी एक केळफूल सोलायला मला तास लागला. मोबाइलला हात लावता आला नाही, कारण हात तेलाचे. त्या तासात काकिमांनी मला त्यांच्या लग्नाची सगळी गोष्ट सांगितली.

काळीघाटच्या चित्रांतली बोंटी

एका शनिवारी काळीघाटला गेले. आजचं कालीमंदिर 1809 चं. एकोणिसाव्या शतकात या मंदिराच्या आसपास पटुआ, म्हणजे चित्रकार, राहायला आले. ते यात्रेकरूंसाठी कागदावर झटपट चित्रं काढून विकत. तीच काळीघाट पटचित्रं. त्यांत देवदेवता आहेत, बाबू लोक आहेत आणि बोंटीवर मोठा मासा कापणारी बाईसुद्धा आहे.

या चित्रांत बोंटी एका भीषण प्रकरणातही दिसते. 1873 मध्ये नबीन नावाच्या तरुणाने आपली बायको एलोकेशी हिचा माशांच्या बोंटीने खून केला. तारकेश्वरच्या महंताशी जोडलेला तो खटला सगळ्या बंगालात गाजला आणि पटुआंनी त्यावर कितीतरी चित्रं काढली. घराघरात रोज भाजी चिरणारं पातं त्या दिवशी शस्त्र झालं. काकिमांना विचारलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणून तर आडवी ठेवायची."

आमच्या घरातली विळी

आता माझ्या घरची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. जमिनीवर बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. बाबांनी त्याच संध्याकाळी तिची विळी माळ्यावर ठेवली. आईने नवी स्टीलची सुरी आणि चॉपिंग बोर्ड आणला. आम्हाला वाटलं, आजीची सोय झाली.

आजीने सुरी दोन दिवस वापरली. मग स्वयंपाकघरात येणंच कमी झालं. "काय करायचं?" असं आईने विचारलं, की "तुम्हीच करा बाई" एवढंच उत्तर. आम्ही म्हणायचो, वय झालं, थकली असेल.

केळफुलाच्या त्या दिवशी मी काकिमांना बोंटीसकट व्हिडिओ कॉलवर दाखवलं. आजी स्क्रीनच्या अगदी जवळ आली. बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "माही विळी अशीच होती. तुम्ही मले माह्याच घरात पाहुणी करून ठेवलं."

फोन ठेवल्यावर मला जेवण गेलं नाही. आम्ही काळजी घेतली होती, हे खरं. पण तिला एकदाही विचारलं नव्हतं.

तरी विळी परत देणार कशी? गुडघा तर तसाच होता. काकिमांनाही आता तासभर खाली बसवत नाही. घाईच्या दिवशी त्या ओट्याशी उभं राहून सुरीच वापरतात. जुन्या काळच्या बायकांनी तासन् तास जमिनीवर बसून भाज्या चिरल्या, त्याचं नुसतं कौतुक करून कसं चालेल? ते गुडघेही त्यांचेच होते.

मासळीबाजारातलं उत्तर

उत्तर मिळालं गडियाहाटच्या मासळीबाजारात. काकिमांबरोबर कातला घ्यायला गेले होते. मासेवाले दादा उंच ओट्यावर बसले होते, समोर माझ्या कमरेच्या उंचीवर ही मोठी बोंटी. गिऱ्हाईक मागेल तसे ते तुकडे करत होते, पाठीकडचा 'गादा' वेगळा, पोटाकडची 'पेटी' वेगळी. मी मासा पाहतच नव्हते. मी पाहत होते ती पात्याची उंची. बोंटी जमिनीवरच हवी असं कुठे आहे?

रात्री बाबांना फोन केला. विळी टेबलावर ठेवा, आजी खुर्चीत बसेल. बाबा म्हणाले, "आणि हात कापला तर?" मागून आजीचा आवाज आला, "साठ वर्षं चिरलं, तवा नाही कापला."

पायाने दाबायची फळी टेबलावर हलली तर धोका, हे बाबांचं म्हणणं बरोबरच होतं. म्हणून त्यांनी सुताराकडून दोन सी-क्लॅम्प आणून फळी जड टेबलाच्या कडेला घट्ट आवळली. आजीच्या कोपराच्या उंचीचं टेबल निवडलं. पात्याला धार लावून आणली. काम झालं की पात्यावर घालायला आईने जाड कापडाची खोळ शिवली. ओट्याला स्क्रूने बसणाऱ्या तयार विळ्याही बाजारात मिळतात, पण आजीला तिचीच हवी होती.

हिवाळ्यात मी नागपूरला गेले तेव्हा आजी सांबार चिरत होती. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. सांबारवडीला तो भरपूर लागतो, तोही बारीक आणि कोरडा. मी म्हटलं, मी चिरते सुरीने. आजी म्हणाली, "सुरीनं तू चेंदशील. बस इथं, पाय."

मी बाजूला खुर्ची ओढली. तिने जुडी मुठीत धरली, पात्याकडे सरकवली आणि परातीत हिरवा भुगा पडू लागला. आई दुसरीकडे बेसन भिजवत होती. मधेच आजी तिला म्हणाली, "मीठ मी सांगते तवाच टाकजो."

दोन वर्षांत पहिल्यांदा ती कुणाला तरी हुकूम देत होती.

तुमच्या माळ्यावरही एखादी विळी असेल. ती खाली काढायच्या आधी, जिची आहे तिला एकदा विचारून बघा.