पट्टा कुत्र्याच्या गळ्यात, जबाबदारी मालकाच्या

काशीमीऱ्याच्या मागचा डोंगर चढत गेलं की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द लागते. आम्ही वस्तीतली काही मुलंमुली रविवारी या कडेच्या पायवाटांवर जातो. जिम परवडत नाही, डोंगर फुकट आहे. हल्ली तिथे गाड्याही येतात. दार उघडतं आणि मालकाच्या आधी कुत्रा बाहेर पडतो, पट्ट्याविना. एकदा असाच एक कुत्रा मोळी घेऊन उतरणाऱ्या पाड्यावरच्या बाईच्या अंगावर धावला. मोळी पडली, बाई घसरली. मालक लांबूनच म्हणाला, "घाबरू नका, तो काही करत नाही."

तो काही करत नाही, हे ठरवायचं कुणी? मालकाने, की खाली पडलेल्या बाईने?

आमच्यातलेच काही साथी म्हणाले, "आपण बेड्या तोडणारी माणसं. आपणच साखळीची बाजू घ्यायची?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर देतो. १९२७ साली बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले, तेव्हा तिथलं पाणी जनावरांना खुलं होतं आणि आपल्याला बंद होतं. पण तो लढा जनावरांविरुद्ध नव्हता. माणसाला जनावराच्याही खाली ठेवणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध होता. आजही याच वाटेवर आमच्या पोरांना "कुठून आलात, कशाला आलात?" असं विचारलं जातं. गाडीतून उतरलेल्या कुत्र्याला आणि त्याच्या मालकाला कुणी विचारत नाही. आमचा राग कुत्र्यावर नाही, या मोकळीकीच्या वाटपावर आहे.

आता जंगलाचं बघा. या उद्यानातल्या बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे, हे अभ्यासातून दिसलेलं आहे. मोकळा कुत्रा हरणामागे धावतो, जमिनीवरची घरटी उकरतो आणि बिबट्या दिसला की जीव घेऊन मालकाकडेच पळत येतो. २०१८ साली गीरमध्ये कॅनाइन डिस्टेंपरच्या साथीत सिंह मेले. हा रोग कुत्र्यांमध्ये सर्रास आढळतो. संध्याकाळी मालक गाडीत बसून घरी जातो. वाटेकडे ओढला गेलेला बिबट्या मात्र पाड्याजवळच राहतो, आणि रात्री अंगणात बाहेर पडायची भीती पाड्यावरच्या पोराला.

याच जंगलाच्या रक्षणासाठी १९९७ साली उच्च न्यायालयाने अतिक्रमणं हटवायचा आदेश दिला आणि हजारो झोपड्या पडल्या. २००६ चा वनहक्क कायदा आल्यावरही आदिवासींना पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीचे पुरावे गोळा करत फिरावं लागतं. गरिबाच्या चुलीने जंगल धोक्यात येतं, मग हौसेच्या कुत्र्याने येत नाही का?

उद्यानाच्या दारातून पाळीव कुत्रा आत नेऊ देत नाहीत. कडेच्या वाटांवर निदान पट्टा हवा, लसीकरण हवं आणि तसा मराठी फलक हवा. वस्तीच्या टोकाचा कचरा रोज उचलला गेला पाहिजे, कारण भटकी कुत्री त्यावरच जगतात आणि त्यांच्यामागे बिबट्या येतो. पाड्यावरचा राखणदार कुत्रा वेगळा, तो घर सांभाळतो. त्याला फिरायला आलेल्या कुत्र्याच्या मापाने मोजू नका.

कुत्र्याला कायदा कळत नाही, मालकाला कळतो. म्हणून पट्टा दिसतो कुत्र्याच्या गळ्यात, पण तो बांधतो मालकाला. समतेच्या वाटेवर चालताना दुसऱ्याच्या पायाखालची वाट सुरक्षित ठेवणं, एवढंच आम्ही मागतो आहोत.

जय भीम!