रात्रपाळीवाला

ऑनसाइटला फ्लोरिडात होतो तेव्हाची गोष्ट. एका शनिवारी रात्री फ्लोरिडा कीजच्या उथळ पाण्यात स्नॉर्केलिंगला गेलो. माझं पोहणं टिळक टँकवरचं, त्यामुळे आधीच टरकलेलो!

टॉर्चच्या झोतात अचानक दिसला.. निळा-हिरवा, चमचमता कॅरिबियन रीफ ऑक्टोपस. हा दिवसा कपारीत पडून राहतो, रात्री कामाला लागतो. (आमच्या रिलीजच्या आठवड्यासारखंच.) शिकारीची पद्धत भन्नाट! हातांमधला पडदा छत्रीसारखा उघडून अख्खा दगड झाकायचा आणि हातांची टोकं फटीफटीत घालून खेकडे चाचपून काढायचे. बघावं लागतच नाही.

मी बावळटासारखा झोत रोखूनच धरला. पापणी लवायच्या आत स्वारी तपकिरी, खरबरीत. मग एकदम पांढरीफटक. मग गायब. खेकडाही गेला असणार.

नंतर वाचलं. कातडीतल्या रंगाच्या पिशव्या ताणणारे स्नायू थेट मेंदूच्या नसांच्या हुकमात, म्हणून एवढा वेग. आणि ती निळी-हिरवी चमक? ती रंगाची नाहीच. पिशव्यांखालच्या पेशी पडलेला उजेड परत फेकतात, बस्स. म्हणजे मी भाळलो तो माझ्याच टॉर्चवर!

याचं आयुष्य जेमतेम वर्षभराचं. त्यातली एक रात्र मी खाल्ली, हे जरा लागलंच.

लाल उजेड ऑक्टोपसला फारसा दिसत नाही म्हणे. पुढच्या शनिवारी टॉर्चला लाल जिलेटिन गुंडाळून पुन्हा गेलो. तासभर काही नाही. थंडी मात्र चिकार वाजली.