अंगावर, होडीवर, तळाशी

नदीकाठी वाढलेल्या माणसाचे वय त्याच्या हातातल्या मासेमारीच्या सामानावरून सांगता येते. आठ-दहा वर्षांचे पोर पऱ्यावर निघते तेव्हा त्याच्याजवळ बांबूची काठी, दोन वाव नायलॉनचा दोरा, एक गळ आणि करवंटीतल्या ओल्या मातीत ठेवलेली गांडुळे असतात. सगळे मिळून पावशेर भरत नाही, आणि त्यातला गळ हरवला तर दिवस संपतो. मिसरूड फुटते तेव्हा खांद्यावर पाग येतो. त्याच्या घेराला शिशाच्या गोळ्या असतात, दोरीचे टोक मनगटात अडकवलेले असते, आणि पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढू लागले की फार तर एका बॅटरीची भर पडते. मग नोकरी-धंद्याची वर्षे येतात आणि पाणी दुरावते. चाळिशीत हाताशी थोडा पैसा आणि मोकळा रविवार उरू लागला की तीच ओढ परत येते, आणि हल्ली ती बऱ्याचदा प्लास्टिकच्या कयाकच्या रूपात येते. एका माणसाची होडी, दहा-बारा फूट लांब, पंचवीस-तीस किलोची, गाडीच्या टपावर दोन पट्ट्यांनी आवळून नेता येणारी. कशेडी घाटाच्या दोन्ही अंगांना तिच्यासाठी पाणी आहे. घाटाच्या उत्तरेला पडलेला पाऊस सावित्रीतून बाणकोटच्या खाडीला जातो, दक्षिणेचा जगबुडीतून वाशिष्ठीला मिळून दाभोळला. २०२३च्या गणेशोत्सवात कशेडीचा बोगदा खुला झाल्यापासून पोलादपूरच्या माणसाला या दोन खोऱ्यांमधले अंतर जाणवेनासे झाले आहे.

कयाकबरोबर मात्र एक यादी येते, आणि ती मला काळजीची वाटते. रॉड रोवायची भोके, माशांचा माग दाखवणारे यंत्र, त्याची बॅटरी, नांगर, पेटारा, टोपलीभर कृत्रिम आमिषे, पायाने फिरवायचा पंखा. नवखा माणूस ही यादी वरून खाली वाचतो, आणि वर नेहमी मासे पकडायच्या वस्तू असतात. माझे म्हणणे असे की होडी उलटली आहे असे धरून ती वाचावी. होडी उलटली की सामानाचे तीनच वाटे होतात. अंगावर होते ते माणसाजवळ राहते, होडीला बांधलेले होडीजवळ राहते, सुटे होते ते तळाशी जाते. एखादी वस्तू घ्यावी का, तिच्यावर किती पैसा घालावा आणि ती कुठे ठेवावी, हे तिन्ही प्रश्न ती कोणत्या वाट्याला जाणार यावरून सुटतात. एवढे केले की यादी आपोआप निम्मी होते, आणि उरलेल्या निम्मीचा क्रम बदलतो.

हा विचार कयाकच्या जन्मापासून तिच्याबरोबर आहे. आर्क्टिक किनाऱ्यावरच्या इनुइट शिकाऱ्यांची ही होडी. वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणलेले सीलचे कातडे, आणि माप शिकाऱ्याच्या स्वतःच्या अंगाचे. हत्यारे मोजकी, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली, बसल्या जागेवरून हात पोचेल अशी, कातडी पट्ट्यांखाली खोवलेली. भाल्याच्या दोरीचे दुसरे टोक तो ना स्वतःला बांधी, ना होडीला; ते हवा भरलेल्या कातडी फुग्याला असे. जखमी सील बुडी मारून पळाला तर फुगा ओढत नेई आणि माणूस पाण्यावर राही. आपल्याकडे पागाची दोरी मनगटात असते, कारण पाग टाकणारा काठावर किंवा गुडघाभर पाण्यात पाय रोवून उभा असतो. त्याला ओढून नेणारे काही त्या दोरीला लागणार नसते. तोच माणूस कयाकमध्ये बसला की जुनी सवय घातक ठरते. वल्ह्याची दोरी मनगटाला बांधणारे दिसतात. ती होडीला बांधलेली हवी. वाहत्या पाण्यात उलटी होडी ज्या बाजूला जाईल तिकडे हात ओढला जाता कामा नये.

अंगावरच्या वाट्यात पहिले जाकीट. ५० न्यूटन तरंगशक्तीचे, फोमचे, पाठीला जाळी असलेले, कारण कयाकच्या खुर्चीची पाठ नेमकी तिथेच टेकते. हवा भरून फुगणारी जाकिटे हलकी आणि दिसायला सुटसुटीत असतात, पण ज्याच्या भोवती दिवसभर गळ फिरतात त्याने हवेवर विसंबू नये. जाकीट उकडते, हा आक्षेप कोकणात खरा आहे. मार्च उलटला की महाड-पोलादपूरच्या खोऱ्यात दुपारी वारा पडतो आणि अंगातून नुसत्या धारा लागतात. परदेशी याद्यांतले जाड रबरी पोशाख त्या पाण्यासाठी आहेत जिथे गारठ्याने माणूस मरतो. आपल्या पाण्यात धोका उन्हाचा, म्हणून त्या पोशाखाचे पैसे लांब बाह्यांचा सुती सदरा, रुंद काठाची टोपी आणि चार लिटर पिण्याचे पाणी यांवर घालावेत. जाकीट अधूनमधून भिजवले की थंडही राहते. अंगावर शिट्टी हवी, बोथट टोकाची सुरी हवी. खाडीत आणि नदीत तुटलेली नायलॉनची जाळी ठिकठिकाणी खुंटांना अडकून असतात, आणि पाण्याखाली पाय गुंतला तर पेटाऱ्यातली सुरी मैलभर लांब असल्यासारखी असते. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, तोही अंगावर.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा की भोई पिढ्यानपिढ्या जाकिटाशिवाय मासे मारत आले, त्यांचे काय अडले? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यांचे सामान कमी आहे कारण उरलेले सामान त्यांच्या डोक्यात आहे: कोंड कुठे खोल होतो, कोणत्या दरडीखाली पाणी आत खेचते, गढूळपणाची कोणती छटा वर पाऊस झाल्याचे सांगते. रविवारी येणाऱ्याजवळ ते डोके नसते आणि ते विकतही मिळत नाही, म्हणून त्याने फोम विकत घ्यावा. शिवाय तरंगण्याचे साधन अंगाला बांधणे आपल्याकडे नवखे नाही. भोपळ्यांची सांगड बांधून नदी उतरणारी माणसे याच महाराष्ट्रात होती, जाळ्याला भेंड बांधणारे हात याच किनाऱ्यावर आहेत. जाकीट ही त्या सांगडीचीच पुढची पायरी आहे.

होडीला बांधायच्या वाट्यात वल्ह्यावर हात सैल सोडावा. मिनिटाला चाळीस वेळा वल्हे उचलले असे धरले तर तासाला २४०० वेळा होतात. वल्हे ३०० ग्रॅमने हलके असेल तर त्या तासात ७२० किलो कमी उचलावे लागतात. परतीच्या वाटेवर समोरून वारा असेल तेव्हा हा हिशेब खांद्यांना कळतो. मासेमारीची कयाक रुंद असते, म्हणून वल्हे २३० ते २५० सेंटिमीटरचे लागते. आखूड घेतले तर दर वेळी बोटे काठावर घासतात. दुसरा हिशेब भाराचा. होडीवर १५० किलो लिहिले असेल तर त्यातले सत्तर टक्केच आपले समजावेत, म्हणजे १०५. पंचाहत्तर किलोच्या माणसाला तीस किलो उरतात. त्यात पाणी, जेवण, बर्फाची पेटी, नांगर, बॅटरी आणि सुदैवाने मिळालेला मासा आला. रॉड दोन पुरेत. माणसे सहा लावतात, आणि पाठीमागच्या भोकातला सहावा रॉड काढायला अर्धे अंग वळवतात. उलटण्याचा क्षण बहुधा तिथेच असतो, शांत पाण्यात, नजर माशावर आणि वजन एका कुशीला. म्हणूनच हिवाळ्यात सावित्री संथ असते, एवढी काळजी कशाला, हे म्हणणे मला पटत नाही. संथ पाणी माणसाला मागे वळू देते.

नांगराबद्दल जरा थांबून बोलायला हवे, कारण निरुपद्रवी दिसणारी ही वस्तू सगळ्यात जास्त घात करू शकते. दीड किलोचा घडीचा नांगर कयाकला पुरतो. प्रश्न तो कुठे बांधायचा हा आहे. बसलेल्या माणसाचा हात मधल्या काठाला पोचतो, म्हणून तो तिथेच बांधतो. ओहोटीचे पाणी मग आडव्या होडीवर पूर्ण लांबीने दाब देते, नांगराची दोरी वरच्या अंगाचा काठ खाली खेचते, आणि दहा-बारा फुटांची होडी पान उलटावे तशी उलटते. नांगर नाळेला किंवा पिछाडीलाच हवा. तिथे हात पोचत नाही, म्हणून काठाच्या लांबीने दोन कप्प्यांवरून फिरणारी दोरी बसवतात. नांगर मधे अडकवायचा आणि दोरी ओढून टोकाला न्यायचा. कप्प्या आणि दोरी मिळून हे काम स्वस्तात होते, आणि माझ्या मते माशांचा माग काढणाऱ्या यंत्राच्या कितीतरी आधी ते व्हावे. नांगराची दोरी खोलीच्या तिप्पट तर हवीच, वाहत्या पाण्यात त्याहून बरीच जास्त. आणि तिच्या होडीकडच्या टोकाला बोया. वरून ओंडका येताना दिसला, किंवा नांगर कातळात अडकला, तर दोरी सोडून द्यायची. बोया तरंगत राहतो, पाणी मंदावल्यावर परत येऊन उचलता येतो. इनुइट शिकाऱ्याचा फुगा इथे पुन्हा कामाला येतो.

काही वस्तू इथल्या पाण्यात मुळीच नकोत. परदेशात पकडलेला मासा दोरीत ओवून होडीशेजारी पाण्यात सोडण्याची रीत आहे, मासा ताजा राहतो. महाड परिसरात सावित्रीत मगरी आहेत, खेडला जगबुडीतही आहेत. रक्ताळलेला, तडफडणारा मासा पाण्यात लोंबकळत ठेवणे म्हणजे मगरीला बोलावणे. मासा बर्फाच्या पेटीत, आणि पाय होडीत. थंडीच्या सकाळी काठावर उन्हाला पडलेली मगर दिसली तर तो काठ तिचा. कायद्यानेही तिला पूर्ण संरक्षण आहे. आणि काही पाणी असे आहे की जिथे गळच नेऊ नये. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळण कोंडीत वरदायिनी देवीचे म्हणून महसीर राखलेले आहेत. भाविक त्यांना खाऊ घालतात, कोणी धरत नाही. नद्यांत सुरुंग आणि ब्लिचिंग पावडर टाकणारे हात असताना हा मोठा मासा तिथे टिकला तो श्रद्धेमुळे, आणि मासेमारावर याहून मोठा उपकार दुसरा नाही. धरणांच्या पाण्यावर मच्छीमार सहकारी संस्थांचे हक्क असतात. तिथे आधी विचारून मगच होडी उतरवावी.

आता राहिली मासे पकडायची वस्तू, जिच्यापासून लोक सुरुवात करतात. तिच्यावर फार शब्द खर्चायचे कारण नाही. खाडीत जिताडा आणि तांबोशी मनात असतील तर सहा-सात फुटांचा दणकट रॉड, विणलेली दोरी, आणि टोकाला जाड नायलॉन, कारण जिताड्याच्या कल्ल्याची कड धारदार असते आणि तांबोशी गळ लागताच कांदळवनाच्या मुळांत घुसते. जबडा पकडायचा चिमटा हवा. ओल्या हाताने असा मासा मांडीवर घेणे बरे नव्हे. यंत्राबद्दल म्हणाल तर ते खोली सांगते, आणि गढूळ खाडीत तेवढी मदत खरी आहे. पण पहिली दोन वर्षे ते न घेता बगळे कुठे उभे आहेत, बोयटे कुठे उसळतात, ओहोटीचे पाणी कोणत्या वळणाला घुटमळते हे बघावे. ज्याने हे पाहिले त्याला यंत्राचा पडदा वाचता येतो. ज्याने पाहिले नाही तो पडद्याकडे बघत राहतो आणि बाजूने जाणारे पाणी त्याला दिसत नाही.

पावसाळ्यात यातले कोणतेही सामान कामाचे नाही. महाबळेश्वरच्या माथ्यावर कोसळलेले पाणी काही तासांत खाली येते. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री याच सावित्रीने महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल नेला आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्या. जुलै २०२१मध्ये महाड शहर पाण्याखाली गेले. जूनपासून नदी निवळेपर्यंत होडी उपडी करून शाकारलेल्या पडवीत ठेवावी, रिळांना तेल द्यावे, गंजलेले गळ काढून टाकावेत.

मग दिवाळीनंतर पंचांग उघडावे. भरतीची वेळ काढायची जुनी रीत अजून चालते: तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. खाडीत जितके वर जावे तितका उशीर धरावा. पहिल्या फेरीला अमावास्या-पौर्णिमेचे उधाण नको, अष्टमीच्या आसपासचा भांग बघावा, पाण्याची ओढ कमी असते. दासगावला सकाळी भरती फिरली की सुकतीबरोबर आंबेतच्या दिशेने निघावे, आणि दुपारी पाणी पुन्हा चढू लागेल तेव्हा नाळ वळवावी, म्हणजे येताना नदीच अर्धे वल्हवते. निघण्याआधी काठावरच कमरेइतक्या पाण्यात, बांधलेल्या सगळ्या सामानासकट, होडी एकदा मुद्दाम उलटी करून बघावी. जे तरंगत दूर जाईल त्याला दोरी लावावी, आणि जे बुडेल ते घरी ठेवावे.