खारं पाणी, बारा व्होल्ट

मालवण तालुक्यातल्या तोंडवलीत गाडी ठेवायची म्हणजे दोन पाण्यांच्या मध्ये ठेवायची. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला गड नदीची खाडी, आणि मध्ये माडा-सुरूंची वाळूची पट्टी, जी तळाशीलकडे जाता जाता आणखी निमुळती होते. इथल्या गाड्यांचं इंजिन सहसा दगा देत नाही. दगा देते ती वायरिंग. माझं घर पर्यटकांवर चालतं. कुडाळ स्टेशनवरून त्यांना आणायचं, परत गाडी गाठून द्यायची. रात्रीच्या रेल्वेसाठी निघालेल्या पाहुण्यांसमोर सेल्फ नुसता ‘टिक’ करून गप्प बसला की काय होतं, ते ज्याचं पोट गाडीवर आहे त्यालाच कळतं.

ऑक्टोबर 2019 मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, क्यार वादळाने समुद्र उसळवला. वादळ खोल समुद्रात होतं, किनाऱ्यावर ते धडकलंच नाही. पण अमावास्या जवळ आलेली, भरती मोठी, आणि वरून वादळाचं उधाण. संध्याकाळी पाणंदीत पाणी शिरलं आणि गाडी बाहेर काढायची वाट बंद झाली. आमच्याकडे एक वयस्कर मेस्त्री आहेत, आयुष्यभर गाड्यांची वायरिंग केलेले. ते गुडघाभर पाण्यातून घरोघरी सांगत फिरत होते, “चावी फिरवू नकात. आधी मायनस सोडवा. पाणी येता तर येवंदे, करंट नको!”

मी बॉनेट उघडून बॅटरीची काळी वायर सोडवली, तिच्या टोकाला कापड गुंडाळून बाजूला बांधली. शेजारीच चुलतभावाची गाडी उभी होती. तो मुंबईहून दिवाळीला आलेला आणि त्या वेळी चावीसह मालवणात अडकलेला. बॉनेटचा खटका गाडीच्या आत, दारं बंद, त्यामुळे तिची बॅटरी जोडलेलीच राहिली. रात्री पाणी दोन्ही गाड्यांच्या पायदानात शिरलं. माझी गाडी अंधारात मुकी उभी होती. भावाच्या गाडीचे इंडिकेटर आपोआप लुकलुकायला लागले, मग हॉर्न सुरू झाला, वायपर अर्ध्यावर जाऊन थांबला. बॅटरी पार उतरेपर्यंत तो हॉर्न घोगरत होता. घरातलं कुणी झोपलं नाही.

पाणी ओसरल्यावर मेस्त्रींनी दोन्ही गाड्यांच्या डाव्या सीटखालचे कप्लर उघडून मला दाखवले. एकाच वाडीत, एकाच रात्री, एकाच पाण्यात बुडालेले. माझ्या गाडीच्या पिना काळपटल्या होत्या, पण शाबूत होत्या. भावाच्या गाडीत ज्या पिनांना बॅटरीचा प्लस कायम मिळतो, त्या जागी हिरवा चिखल होता. काही पिना उरल्याच नव्हत्या.

ही गोष्ट मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो. नुसत्या पाण्याने तांबं इतक्या लवकर खाल्लं जात नाही. लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम मीठ असलेल्या समुद्राच्या पाण्यातून वीज साध्या गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी पटींनी सहज वाहते. अशा पाण्यात बारा व्होल्टच्या दोन पिना शेजारी बुडाल्या की मुलामा चढवण्याच्या कारखान्यात जे मुद्दाम करतात, तेच गाडीच्या आत घडतं: प्लसकडची पिन विरघळत जाते. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, लॉक यांच्यासाठी बॅटरीचा दाब काही वायरींवर असतोच. म्हणून चावी काढून घेणं पुरेसं नाही. मायनस सुटला पाहिजे. मायनसच आधी, कारण प्लस सोडवताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते.

माझी गाडी वाचली, पण तीही आपोआप नाही. “पाणी सुकता हो, मीठ खय जाताला?” असं म्हणत मेस्त्रींनी सीट, मॅट, खालचा जाड गालिचा, सगळं खळ्यात काढायला लावलं. त्या गालिच्याखालचा फोम वरून कोरडा लागतो आणि आत कितीतरी दिवस ओल धरून बसतो. वायरिंगचा जुडगा नेमका त्याच्याखालून जातो. किनाऱ्याकडच्या विहिरींचं पाणी उधाणाने मचूळ झालेलं, म्हणून धुवायला वरच्या वाडीतून गोडं पाणी आणलं. प्रत्येक कप्लर आधी त्या पाण्याने, मग बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने धुतला, सावलीत वाऱ्यावर सुकवला, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, डायलेक्ट्रिक ग्रीस लावून बंद केला. एअरबॅगच्या पिवळ्या कप्लरांना त्यांनी मला हात लावू दिला नाही. बॅटरी सोडल्यावरही त्या यंत्रणेत थोडा वेळ वीज साठलेली राहते. सगळं कोरडं झाल्याची खात्री पटेपर्यंत बॅटरी जोडली नाही.

उधाण कधीतरी येतं. खारं वारं मात्र रोज आहे, आणि जास्त गाड्या त्यानेच जातात. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकावं तशी वायरींची टोकं हळूहळू हिरवी पडतात. पहिली खूण अर्थिंगवर दिसते. काळी वायर जिथे बोल्टने बॉडीला जोडलेली असते तिथे गंज धरला की गाडी चमत्कारिक वागायला लागते: ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद होतो, हेडलाइट लावला की काटे नाचतात. लोक बल्ब बदलतात, रिले बदलतात, महागडे सेन्सरही बदलतात. पावसाळ्याआधी हे बोल्ट काढून, पॉलिश पेपरने घासून, ग्रीस लावून पुन्हा आवळले तर यातली बरीचशी दुखणी होतच नाहीत. बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेली पुरते.

आमच्याकडची आणखी एक अडचण सुरूची. सुरूच्या काड्या सुईसारख्या बारीक. वायपरखालच्या जाळीतून त्या आत पडतात, तिथल्या हौदासारख्या खोलगट भागात साठतात आणि पाणी बाहेर जायचं भोक बुजवतात. मग जूनच्या पावसात तो भाग भरतो आणि पाणी एसीच्या वाटेने किंवा वायरिंगच्या रबरी बुचातून आत उतरतं. कित्येक गाड्यांत इंजिनचा किंवा बॉडीचा कॉम्प्युटर डॅशबोर्डखाली, पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी असतो. गाडी पाण्यात कधी गेली नाही, तरी कॉम्प्युटर भिजला, अशी तक्रार आली की मी आधी ती जाळी उचलून बघायला सांगतो. मेच्या शेवटी ती साफ करायची आणि तांब्याभर पाणी ओतून ते चाकामागून खाली पडतं का ते पाहायचं. सनरूफच्या कोपऱ्यांतल्या नळ्यांनाही हेच लागू. माझ्या मते आपल्या जिल्ह्यात कुठल्याही महागड्या कोटिंगपेक्षा या कामाचं मोल जास्त आहे.

प्लास्टिकच्या ताडपत्रीने गाडी घट्ट झाकायची पद्धतही सोडायला हवी. आतली खारट ओल आतच राहते. वरून छप्पर, बाजू मोकळ्या, हेच बरं. मी मांगराशेजारी घराच्या जोत्याएवढा चिऱ्यांचा चौथरा बांधून घेतला आणि गाडी तोंड पूर्वेला करून लावतो, म्हणजे वाऱ्याची पहिली झोड इंजिनवर येत नाही. गाडी धुताना खालून भरपूर गोडं पाणी मारावं, पण बॉनेट उघडून प्रेशरचा फवारा कधीच मारू नये. तो रबरी सीलच्या आत पाणी घुसवतो. नंतर बसवलेले फॉग लॅम्प, मागचा कॅमेरा, म्युझिक यांचे जोड नुसत्या टेपचे असतील तर दमट हवेत ती टेप सुटतेच. सोल्डर करून वर हीट श्रिंक नळी चढवावी. वायर भोकात शिरण्याआधी थोडी खाली झुकवून मग वर न्यावी; पाणी त्या झुकावावरून ठिबकून जातं.

16 मे 2021 रोजी तौक्ते वादळ आलं तेव्हा आम्ही तयार होतो. वेधशाळेचा इशारा आधीच आला होता. वाडीतल्या बहुतेक गाड्या आदल्या दिवशीच वरच्या गावांत गेल्या. वाऱ्याने माड मोडले, समुद्राचे तुषार इतके आत आले की झाडांची पानं भाजल्यासारखी तांबूस झाली. पुढे कित्येक दिवस वीज नव्हती. गाड्या मात्र परत आणल्या, धुतल्या आणि चालू केल्या. आजारी माणसांना मालवणला न्यायला त्याच उपयोगी पडल्या.

त्याच वर्षी 22 जुलैला पुरात चिपळूण बुडालं. नदीच्या पुराचा गाळ आणि समुद्राचं मीठ यांचा त्रास वेगळा, पण मायनस सोडवण्याचा नियम दोन्हीकडे तोच. पुरात बुडालेली गाडी पदरी पडू नये म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का पाहावं, सीटखालचे बोल्ट तपासावे. विम्याचंही माहीत असू द्या: नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत स्वतःच्या गाडीच्या पुराच्या नुकसानीचा पैसा मिळत नाही, आणि पाणी ओढून इंजिन गेलं तर त्यासाठी सहसा वेगळं संरक्षण घेतलेलं लागतं.

इकडे येणाऱ्या पाहुण्यांना आणि दिवाळी-गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांना माझी एकच विनंती आहे. गाडी पुळणीवर उतरवू नका. तरीही खारं पाणी पायदानापर्यंत आलंच, तर सुरू होते का ते बघू नका. जमलं तर आधी बॅटरीचा मायनस सोडवा आणि मगच मेस्त्रीला फोन करा. बहुतेक गाड्यांना त्यासाठी दहा नंबरचा पाना लागतो. तो गाडीत ठेवा आणि बॉनेट कुठून उघडतं ते घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा.