काखेंतील धमनी

सत्तराव्या वर्षीं आमच्या मातोश्री ओटीवर पडल्या व त्यांचा खांदा निखळला. काखेंत टांच रोंवून हात ओढावा, असें आम्हीं मोठ्या आत्मविश्वासानें सुचविलें. डॉक्टरांनीं तें ऐकिलें नाहीं, हें आमचें भाग्य. त्यांनीं आधीं मनगटावरील नाडी पाहिली. पहिल्या बरगडीपाशीं सुरू होऊन हाताला रक्त पुरविणारी धमनी काखेंत ज्ञानतंतूंच्या जाळ्यांतून जाते. वार्धक्यांत तिची भिंत ताठर होते व अशा ओढीनें ती फाटूं शकते. त्यांतच खांद्याच्या फऱ्याभोंवतीं रक्ताला आडवाटा असल्यानें, नाडी लागली म्हणजे धमनी शाबूत, असेंही म्हणतां येत नाहीं! म्हणून काखेंत सूज चढते काय, हेंही डॉक्टर पाहत होते. सांधा हलकेच बसविल्यावर त्यांनीं पुन्हां नाडी पाहिली. त्या रात्रीं आम्हींही पाहिली, दर तासास.