दुरुस्त होऊन आलेली गाडी

गृहस्थाश्रमांत केवळ विश्वासावर सोंपविलेल्या गोष्टींची यादी करावयास बसलें, तर दोन पानें सहज भरतील. दूधवाल्यानें घातलेलें दूध, औषधांच्या दुकानांतून आलेली गोळी, वायरमननें भिंतीआड जोडलेली तार आणि कारखान्यांतून दुरुस्त होऊन आलेली मोटार, यांपैकीं एकाही गोष्टीची पारख आपण स्वतः करीत नाहीं. बहुधा करूंही शकत नाहीं. दुसऱ्याच्या हातावर विसंबल्यावांचून संसार चालत नाहीं, हें खरेंच. परंतु या विसंबण्यांतही एक भेद आहे. वस्तु मोडकी आहे हें ठाऊक असतें, तेव्हां आपण तिच्याशीं जपून वागतों. दुरुस्त झालेल्या वस्तूविषयीं मात्र आपण निःशंक होतों. आणि म्हणूनच चुकलेली दुरुस्ती ही मूळच्या मोडतोडीपेक्षां अधिक घातक ठरते. हा विचार आम्हांस पुस्तकांतून सुचलेला नाहीं. पुणें-सातारा महामार्गावर, शिरवळ येथें, एका पत्र्याच्या टपरीसमोर उभे असतां तो सुचला. त्या प्रसंगाची हकीकत वाचकांच्या उपयोगीं पडेल, म्हणून येथें देत आहों.

गेल्या वैशाखांत वाई येथें आमच्या भाच्याच्या मुलाची मुंज होती. मुहूर्त सकाळचा असल्यामुळें आदल्या दिवशीं दुपारींच पुण्याहून निघण्याचें ठरलें. गाडींत आम्ही उभयतां, ८४ वर्षांच्या आमच्या मातोश्री आणि ५ वर्षांची नात. वाटेंत खंबाटकीचा घाट. तेव्हां गाडी नीट असावी म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशीं ती विक्रेत्याच्या अधिकृत कारखान्यांत नेऊन दिली होती. तेल बदलावयाचें, पुढील दोन्ही चाकांचे ब्रेक पॅड नवे घालावयाचे आणि चारी चाकांच्या जागांची अदलाबदल करावयाची, एवढें काम होतें. सायंकाळीं गाडी धुऊन-पुसून मिळाली. ११,६०० रुपयांचें बिल, त्यासोबत ४० बाबींचा छापील तक्ता, प्रत्येक बाबीपुढें बरोबरची खूण, आणि गाडी तपासून सुरक्षित केली असल्याची आरशास अडकविलेली रंगीत चिठ्ठी! गृहस्थानें याहून अधिक खात्री ती कोणती मागावी?

शिरवळ जवळ आलें आणि वेग कमी होतांच पुढच्या डाव्या बाजूनें ठक्‌-ठक्‌ असा आवाज येऊं लागला. स्टिअरिंगही हातांत किंचित्‌ थरथरूं लागलें. “आजोबा, गाडी टाळ्या वाजवते,” असें नात म्हणाली. गाडी तत्काळ कडेला घेतली. सुदैवानें पन्नास पावलांवरच एका मेकॅनिकची टपरी होती. विशी-बाविशीचा एक मुलगा टायरवर बसून चहा पीत होता. त्यानें चाकावरील झांकण काढलें, नटांवरून हात फिरविला, आणि चहाचा पेला खालीं ठेवून आमच्याकडे पाहिलें.

“काका, हें चाक कुणी बसवलंय?”

चार नटांपैकीं दोन बोटांनीं फिरत होते; तिसरा निम्मा सैल होता. त्यानें जॅक लावून चाक उतरविलें, तों आंत दुसरा प्रकार दिसला. ब्रेकचा कॅलिपर ज्या दोन बोल्टांनीं धरलेला असतो, त्यांपैकीं खालचा बोल्ट पांच-सहा आटे बाहेर आलेला होता. ब्रेकची रबरी नळी पीळ पडलेल्या स्थितींत बसविलेली होती. मग त्यानें आपण होऊनच बॉनेट उघडावयास सांगितलें. ब्रेकच्या तेलाच्या डबीचें झांकण तिरपें बसलें होतें, आणि बॅटरीच्या कडेस बारा-तेरा नंबरचा एक पाना विसरून राहिलेला होता. उजव्या चाकाची गोष्ट याच्या अगदीं उलट. तेथील नट इतके आवळलेले होते कीं, ते सोडवितांना त्या मुलास पान्यावर उभें राहावें लागलें.

या चुका किती गंभीर होत्या, हें यंत्राची ओळख नसलेल्या वाचकांस थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. चाक नटांवर टांगलेलें असतें, अशी आपली समजूत असते. वास्तविक नट आवळल्यामुळें चाक हबवर घट्ट दाबलें जातें, आणि त्या दाबामुळें होणारें घर्षण चाकास जागेवर धरून ठेवतें. नट सैल झाले कीं चाक जागच्याजागीं हालूं लागतें, सर्व ओढ नटांच्या दांड्यांवर येते, त्या वारंवार वांकतात आणि शेवटीं तुटतात. अति आवळल्यानेंही दांडी ताणली जाऊन दुबळी होते. म्हणून लहान मोटारींच्या नटांस सामान्यतः सुमारें १०० न्यूटन-मीटर इतका ठराविक ताण द्यावयाचा असतो; नेमका आंकडा गाडीच्या पुस्तिकेंत छापलेला असतो. तो ताण पुरा होतांच ‘कट्‌’ असा आवाज करणारा खास पाना मिळतो. त्यास टॉर्क रेंच म्हणतात. कॅलिपरचा खालचा बोल्ट गळून पडला, तर कॅलिपर वर उचलला जाऊन चाकाच्या आंतल्या अंगास अडकतो आणि त्या चाकाचा ब्रेक निकामी होतो. घाटाच्या वळणावर असें घडलें असतें, तर काय झालें असतें तें लिहिण्याची गरज नाहीं. बॅटरीच्या दोन टोंकांवर लोखंडी पाना आडवा पडला, तर ठिणग्या उडून आगही लागूं शकते.

त्या मुलानें सर्व नीट बसविलें; चारी चाकें पुन्हां तपासलीं; ब्रेक अनेक वेळां दाबून पाहिला. हा सारा वेळ मातोश्री टपरीसमोरील प्लॅस्टिकच्या खुर्चीवर निमूट बसून होत्या. काम संपल्यावर त्यांनीं विचारलें, “बाळा, तें चाक वाटेंत निघालं असतं, तर रे?” तो मुलगा हात पुसत खालीं पाहून म्हणाला, “आजी, निघालं नाहीं ना आतां.” त्यानें दीडशें रुपये मागितले. मातोश्रींनीं मुंजीकरितां नेत असलेल्या डब्यांतून चार लाडू काढून त्याच्या हातावर ठेविले. आम्ही दिवेलागणीस वाईस पोंचलों.

परत आल्यावर आम्हीं छायाचित्रांसह कारखान्यास पत्र लिहिलें. उत्तर तत्परतेनें आलें. ‘झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहों, पुढील वेळीं गाडी विनामूल्य धुऊन देऊं’, असा त्याचा आशय होता. ‘गैरसोय’ हा शब्द वाचून आम्हांस खेद झाला. बसावयास खुर्ची न मिळणें ही गैरसोय होय; चार जीव घाटांत नेणाऱ्या चाकाचे नट सैल ठेवणें यास गैरसोय म्हणत नाहींत. आम्ही समक्ष जाऊन व्यवस्थापकांस भेटलों. गृहस्थ सभ्य होते. त्यांनीं कामाचा कागद काढविला आणि चौकशी केली, तेव्हां खरा प्रकार उघड झाला. ज्या मुलाकडे आमची गाडी होती, त्याची ती त्या दिवसांतील नववी गाडी. ब्रेकचें काम अर्धें झालेलें असतां दुसरे एक गिऱ्हाईक घाई करूं लागलें, म्हणून त्यास तिकडे पाठविण्यांत आलें. इकडे मदतनिसानें चाक चढवून नट हातानें लाविले. मुख्य कारागीर येऊन आवळील असें मदतनिसास वाटलें, आणि मदतनिसानें आवळले असतील असें कारागिरास वाटलें. राहिला तो ४० बाबींचा तक्ता. त्यावरील खुणा कारखाना बंद होण्याच्या वेळीं, गाडीकडे न पाहतां, एका दमांत केलेल्या होत्या.

“उद्यांपासून तो मुलगा आपणांस येथें दिसणार नाहीं,” असें व्यवस्थापकांनीं आम्हांस आश्वासन दिलें. आम्हांस समाधान वाटावें, अशी त्यांची अपेक्षा असावी. वाटलें नाहीं.

घरीं या प्रश्नावर आम्हां उभयतांत मतभेद झाला, तोही सांगितला पाहिजे. सौभाग्यवतींचें म्हणणें स्पष्ट होतें: “मागच्या सीटवर आपली नात बसली होती. ज्याच्या हातून असें काम होतें, त्यानें दुसरा धंदा पाहावा. दया करायची ती कुणावर?” या म्हणण्यांत पुष्कळ तथ्य आहे. निष्काळजीपणास क्षमा करीत गेलें, तर तिचें मोल दुसरेंच कोणी तरी भरतें. तथापि, तो मुलगा गेल्यानें पुढील गिऱ्हाइकाचें चाक घट्ट बसेल काय, हा प्रश्न उरतोच. त्याच्या जागीं दुसरा मुलगा येईल. त्याच्याकडेही नववी गाडी येईल. त्यासही मध्येंच कोणी हांक मारील.

या संबंधांत विमानविद्येच्या इतिहासांतील एक प्रकरण बोधप्रद आहे. १० जून १९९० रोजीं बर्मिंगहॅमहून मालागाकडे निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या ५३९० क्रमांकाच्या विमानाची वैमानिकासमोरील कांच सुमारें १७,३०० फूट उंचीवर उडून गेली. कप्तान अर्धा बाहेर ओढला गेला. सेवकवर्गानें त्यास धरून ठेविलें म्हणून तो वांचला. सहवैमानिकानें विमान साउथॅम्प्टन येथें उतरविलें, आणि विमानांतील ८७ ही माणसें जिवंत राहिलीं. चौकशींत असें आढळलें कीं, ती कांच उड्डाणापूर्वीं अवघे २७ तास अगोदर नवी बसविलेली होती, आणि तिच्या ९० बोल्टांपैकीं ८४ बोल्ट व्यासानें कमी होते. फरक एका मिलिमीटरहूनही लहान! तें काम करणारा कोणी नवशिका नव्हता. रात्रपाळीचा अनुभवी व्यवस्थापक होता. त्यानें जुना बोल्ट नुसत्या नजरेनें ताडून नवे निवडले. आणि त्या कामाची दुसऱ्या माणसानें तपासणी केलीच पाहिजे, असा नियम नव्हता. म्हणजे दोष हाताचा होता तसाच व्यवस्थेचाही होता. चांगल्या माणसाचाही हात केव्हां तरी चुकणार, हें गृहीत धरून जी पद्धत आंखलेली नसते, तींत चूक प्रवाशापर्यंत जाऊन पोंचते.

हा मुद्दा सौभाग्यवतींस पटला. मात्र त्यांनीं एक अट घातली. नुसती क्षमा नको. लेखी बंदोबस्त हवा. त्याप्रमाणें आम्हीं दुसरें पत्र लिहिलें. चाक उतरविलेल्या प्रत्येक गाडीचे नट टॉर्क रेंचनेंच आवळावेत. तें काम दुसऱ्या माणसानें तपासून आपल्या नांवाची सही करावी. आणि अर्धें काम टाकून कारागिरास दुसरीकडे हलवावयाचें झाल्यास गाडीवर तशी पाटी लावावी, अशा तीन मागण्या त्यांत होत्या. त्या मुलास नोकरीवरून काढूं नये, ही चौथी. बारा दिवसांनीं होकारार्थी उत्तर आलें.

या सर्व प्रकारांत आम्हांस एका जुन्या गोष्टीचें स्मरण झालें. आमच्या लहानपणीं कल्हईवाला वाड्याच्या अंगणांत भाता लावून बसे. काम सर्वांच्या डोळ्यांदेखत चाले, आणि पैसे देण्यापूर्वीं आजी पातेल्याच्या आंतल्या कांठावरून फडकें फिरवून पाही. कल्हई उडालेल्या पितळेंत आंबट पदार्थ कळकतो, हें तिला पक्कें ठाऊक होतें. आणि ती तपासते यांत कल्हईवाल्यास अपमान वाटत नसे. आतां गिऱ्हाइकास थंड हवेच्या खोलींत कॉफी देऊन बसवितात आणि काम कांचेपलीकडे चालतें. सोय झाली खरी; पण करणारा आणि वापरणारा यांची दृष्टादृष्ट बंद झाली. आपण कोणाचें चाक बसवितों आहों हें त्या मुलास दिसत नाहीं, आणि आपलें चाक कोण बसवितो हें आपणांस दिसत नाहीं.

म्हणून वाचकांस आमची सूचना आहे कीं, गाडी ताब्यांत घेतांना दहा मिनिटें काढावींत. चाकें उतरविलीं होतीं काय तें विचारावें, आणि उतरविलीं असल्यास नट आपल्यासमोर टॉर्क रेंचनें तपासून मागावेत. ब्रेक पॅड बदलले असतील, तर गाडी हलविण्यापूर्वीं ब्रेक दोन-चार वेळां दाबून तो घट्ट लागतो याची खात्री करावी. कारण नवे पॅड बसवितांना आंतील दट्ट्या मागें सारलेला असतो, आणि पहिल्या दाबास पायाखालचा ब्रेक पोकळ जाऊं शकतो. बॉनेट उघडून तेलांच्या डब्यांचीं झांकणें व विसरलेलीं हत्यारें पाहावींत. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर नट पुन्हां एकदां तपासून घ्यावेत. दोष आढळल्यास दुरुस्तीपूर्वीं छायाचित्रें घ्यावींत आणि बिल जपून ठेवावें. पैसे घेऊन केलेल्या कामांतील उणीव ही कायद्याच्या दृष्टीनें सेवेंतील त्रुटि होय. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागीं २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलांत आला असून, त्यान्वयें दोन वर्षांच्या आंत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करतां येते. १९१५ या दूरध्वनिक्रमांकावर सल्लाही मिळतो.

दोन महिन्यांनीं आम्ही पुन्हां त्याच कारखान्यांत गेलों आणि परवानगी घेऊन कांचेपलीकडे उभे राहिलों. एक सडपातळ मुलगा आमच्या गाडीचे नट आवळीत होता. प्रत्येक ‘कट्‌’ आवाजानंतर तो नटावर पिवळ्या रंगाची रेघ ओढी, आणि दुसरा इसम ती पाहून कागदावर सही करी. तोच हा मुलगा काय, असें आम्हीं विचारलें नाहीं. आमच्यासोबत आलेल्या नातीनें मात्र त्याच्याजवळ जाऊन चारी चाकांवरील रेघा मोठ्यानें मोजल्या. सोळा भरल्या. तो मुलगा हंसला आणि म्हणाला, “बरोबर आहेत, ताई.”