पडद्यावरचा भीम

आदिलाबाद, रविवार रात्र

टीव्हीवर पुन्हा 'आरआरआर' सिनेमा लागला होता. चाबकाचे फटके खात नायक भीम गातो, तिथे डोळे भरून आलेच. दिग्दर्शक राजामौली रडवण्यात पटाईत. पण पडद्यावर शत्रू इंग्रज. आमच्या जुन्या जिल्ह्यातला खरा गोंड नेता कोमराम भीम लढला तो हैदराबादच्या निजामाशी: पोडू (फिरत्या) शेतीवरची बंधनं, चराईचा कर, जंगलखात्याचा जाच. १९४० साली जोडेघाटला पोलिसांच्या गोळ्यांनी तो पडला. मग निजाम सरकारनं गोंडांचं दुखणं समजून घ्यायला मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना धाडलं. या पाहणीवर कोण सिनेमा काढणार? त्यात नाचायला जागा नाही म्हणा! शेजारचा गोंड पोरगा मात्र भीम दिसला की शिट्ट्या मारत होता. त्याला निजामाचं सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाला, "काका, थांबा ना, आता वाघ येतोय!"